लघुग्रहाभोवतीची संथ प्रदक्षिणा

खोडदच्या मोठमोठ्या तबकड्यांवरून अंतराळयानं चालवली जातात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जुन्नर-आंबेगाव भागात पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना फक्त ऐकतात, आकाशात काही पाठवत नाहीत. या ऐकण्याचा एका यानाशी मात्र थेट संबंध आला. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं ‘स्किआपारेली’ मंगळाच्या वातावरणात शिरलं, तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून आलेला त्याचा क्षीण रेडिओ संदेश इथे टिपला गेला. लहरींची वारंवारता बदलत होती, त्यावरून यानाचा वेग कसा घटतोय ते कळत होतं. ठरलेल्या उतरण्याच्या थोडं आधी संदेश थांबला. यान मंगळावर आदळून नष्ट झालं होतं.

वारंवारतेतल्या बदलावरून वेग काढण्याच्या या पद्धतीला डॉपलर मोजणी म्हणतात. लघुग्रहाभोवती यान टिकवताना तिचा आणि यानाच्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या छायाचित्रांचा मोठा आधार असतो. तिथे सेकंदाला एक मिलिमीटरचा फरकसुद्धा सोडून देता येत नाही. तो का, हे समजायला आधी एक गैरसमज दूर करायला हवा.

‘एवढ्याशा दगडाला कसलं गुरुत्वाकर्षण? त्याच्याभोवती यान फिरणारच नाही.’ फिरतं. बेन्नू हा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा लघुग्रह. त्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक लाखांशाहूनही कमी आहे. तरी 31 डिसेंबर 2018 रोजी नासाचं ‘ओसायरिस-रेक्स’ त्याच्या कक्षेत शिरलं. वेग होता सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे रांगणाऱ्या बाळापेक्षाही कमी. एका फेरीला साधारण 62 तास लागायचे. जिथे सगळा वेगच पाच सेंटिमीटर, तिथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे दोन टक्क्यांची चूक.

‘एकदा कक्षेत बसवलं की इंजिन बंद करून निश्चिंत व्हायचं’ हा दुसरा समज, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेन्नूची ओढ इतकी दुबळी, की एरवी नगण्य वाटणारी बळंही हिशेबात धरावी लागतात. सूर्यप्रकाश यानावर पडतो तेव्हा त्याला किंचित ढकलतो. यानाच्या तापलेल्या भागांतून बाहेर पडणारी उष्णताही त्याला अगदी सूक्ष्म रेटा देते. हा रेटा सतत चालू असतो, म्हणून चुकीची कक्षा निवडली तर ती हळूहळू लांबट होत जाते आणि अखेर यान लघुग्रहावर आदळतं किंवा निसटून जातं. त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. लघुग्रहावरच्या दिवस आणि रात्रीच्या सीमारेषेवरून जाणारी कक्षा निवडायची. मग कक्षेची पातळी सूर्याकडे तोंड करून राहते, प्रकाशाचा दाब त्या पातळीला काटकोनात पडतो आणि कक्षा फक्त सूर्यापासून थोडी दूर सरकते. लघुग्रह सूर्याभोवती फिरतो तशी ही पातळीही त्याच प्रकाशाच्या दाबाने वळत राहते. म्हणजे जो दाब यान घालवू शकतो, तोच इथे कक्षा सांभाळतो. तरीही मधूनमधून छोट्या दुरुस्त्या कराव्या लागतातच.

लघुग्रह गोल असतो, हेही गृहीत धरू नये. 2000 साली ‘निअर शूमेकर’ यान ज्याच्या कक्षेत गेलं तो इरॉस सुमारे 34 किलोमीटर लांब आणि बराच निमुळता आहे. तो साधारण सव्वापाच तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याच दिशेने फिरणाऱ्या यानाला लांबट टोकांची ओढ पुन्हा पुन्हा एकाच लयीत बसून कक्षा बिघडू शकते. म्हणून जवळच्या फेऱ्यांसाठी उलट दिशेची कक्षा वापरली गेली. तशी टोकं झरझर मागे जातात आणि ओढीचे धक्के एकमेकांना बरेचसे खोडून काढतात.

कक्षेत शिरणं सक्तीचंही नाही. जपानचं ‘हायाबुसा 2’ 2018 मध्ये र्‍युगू या लघुग्रहाजवळ पोहोचलं, ते त्याच्याभोवती फिरत बसलं नाही. साधारण 20 किलोमीटरवर, पृथ्वीच्या बाजूला, इंजिनांच्या हलक्या झटक्यांनी ते जागा धरून राहिलं आणि तिथूनच खाली उतरून नमुने घेऊन आलं.