सशाला वास येतोय? आंघोळ घालू नका, आधी हे तपासा

लोअर परळच्या टॉवरमधला फ्लॅट असो की चाळीतली खोली, जागा कमी म्हणून कुत्र्याऐवजी ससा पाळणारे बरेच जण आहेत. भुंकणं नाही, खाली फिरवायला न्यायची कटकट नाही. पण काही महिन्यांनी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "याला वास येतोय." मग सशाला बादलीत आंघोळ घातली जाते, नाहीतर त्याला कुणाला तरी देऊन टाकायचं ठरतं. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

वास येतो कुठून?

सशाच्या शरीरावर हनुवटीखाली, गुदद्वाराजवळ आणि जांघेत गंधग्रंथी असतात. तो सोफ्याला किंवा तुमच्या चपलेला हनुवटी घासतो, तेव्हा 'हे माझं आहे' अशी खूण करत असतो. हनुवटीचा हा वास आपल्याला जाणवत नाही.

जांघेतल्या ग्रंथींचं तसं नाही. जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना त्वचेच्या घडीत दोन बिनकेसांच्या खाचा असतात. तिथला स्राव साचून मेणासारखा घट्ट होतो. रंग पिवळट किंवा तपकिरी आणि वास उग्र. नसबंदी न केलेल्या नरात हे प्रमाण सहसा जास्त असतं.

निरोगी ससा ही जागा चाटून स्वतःच साफ ठेवतो. लठ्ठ, म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या सशाचं तोंड तिथवर पोहोचत नाही. त्याला तुमची मदत लागते.

आंघोळ का नको?

सशाची लव दाट असते आणि लवकर सुकत नाही. भिजलेल्या सशाचं अंग गार पडतं. भीतीनेही त्याची तब्येत अचानक बिघडू शकते. शिवाय त्याची हाडं नाजूक आणि मागचे पाय ताकदवान असतात. घाबरून जोरात लाथ मारली, तर त्याचाच कणा मोडू शकतो.

साफ कसं करायचं?

महिन्यातून एकदा तपासणं पुरेसं आहे. दोन माणसं असली तर सोपं जातं.

1. एकाने जमिनीवर बसून सशाची पाठ आपल्या छातीला टेकवावी. एक हात त्याच्या छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. त्याला पूर्ण उताणं झोपवू नका. तसा तो निपचित पडतो, पण तो आराम नसून भीती असते.

2. दुसऱ्याने जांघेतली त्वचा बोटांनी हलकेच बाजूला करावी. दोन्ही खाचा दिसतील.

3. कोमट पाण्यात बुडवलेली कापसाची काडी किंवा कापूस तिथे थोडा वेळ धरावा. मळ घट्ट असेल तर खोबरेल तेलाचा एखादा थेंब लावावा.

4. मळ मऊ झाला की अलगद पुसावा. निघत नसेल तर ओढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. शेवटी जागा कोरडी करा.

साबण, डेटॉल, पावडर, सुगंधी वाइप्स यांतलं काहीही नको. ससा ती जागा नंतर चाटणारच आहे. तो धडपडू लागला तर तिथेच थांबा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

सूज, गाठ, पू, रक्त किंवा लालसरपणा दिसला, मागची लव सतत लघवीने किंवा पातळ शीने ओली राहत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. पावसाळ्यात तर अजिबात नको. अशा ओल्या, घाण जागेवर माश्या अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या सशाचं मांस खाऊ लागतात आणि एका दिवसात ससा दगावू शकतो. म्हणून जून ते सप्टेंबर सशाचा मागचा भाग रोज बघा. अळी दिसली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर तीही तातडीचीच वेळ समजा.

या बाबतीत लोअर परळकरांना लांब जावं लागत नाही. परळला 1883 साली सुरू झालेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. मात्र कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सशांचा अनुभव असतोच असं नाही. निघण्याआधी फोन करून "ससा बघणारे डॉक्टर आज आहेत का?" हे विचारा आणि तो नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.