घराची निगा, लेखांक ९ : लाकूड कोण खातंय?

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की नेरळमध्ये संध्याकाळी दिव्यांभोवती पाखरं जमतात आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर नुसते पंख उरतात. बहुतेक घरांत ते केरात जातात. यंदा लोटण्याआधी जरा निरखून पाहा. चारही पंख एकाच लांबीचे असतील तर ती वाळवीची पाखरं. मुंग्यांनाही याच दिवसांत पंख फुटतात, पण मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक. वाळवीचं अंग सरळसोट असतं. पाखरं दिव्याला भुलून बाहेरून आली असतील तर घाबरायचं कारण नाही. मात्र बंद खोलीत, चौकटीच्या बुडाशी किंवा फरशीच्या सांध्याजवळ पंख पडलेले दिसले, तर वसाहत घराखालीच आहे असं धरून चाला.

मागच्या लेखांकात भिंतीतल्या ओलीबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय त्यालाच जोडून आहे, कारण जमिनीतली वाळवी ओलीशिवाय जगत नाही. माथेरानच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात आता भातखाचरांवर इमारती उभ्या राहताहेत. बांधावर झाडं होती, वारुळं होती. भराव टाकताना मुळं आणि बुंधे तसेच गाडले जातात, शटरिंगच्या फळ्यांचे तुकडेही त्यातच पडतात. घर पूर्ण होण्याआधीच वाळवीच्या जेवणाची सोय झालेली असते. ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांनी जोत्यात भर घालण्याआधी स्वतः उभं राहून हे लाकूड वेचून काढून घ्यावं. एवढं स्वस्त काम नंतर कधीच मिळत नाही.

वारूळ करणाऱ्या वाळवीला एकटीला लाकूड नीट पचत नाही. कामकरी वाळव्या ते कुरतडून जमिनीखाली नेतात आणि तिथे त्यावर बुरशी वाढवतात. बुरशीने लाकूड पचनाजोगं केलं की मग सगळी वसाहत जेवते. पावसाळ्यात ठाकर आणि कातकरी बाया रस्त्याकडेला पानांवर अळंबी मांडून बसतात. त्यातली वारुळावर उगवणारी अळंबी याच बुरशीची. म्हणजे कपाटात दिसतात त्या केवळ लाकूड वाहून नेणाऱ्या. राणी मातीत खोल असते आणि दिवसाला हजारो अंडी घालत असते. कपाटावर रॉकेल ओतलं किंवा बाजारातला फवारा मारला तर समोरच्या मरतात, बाकीच्या दुसऱ्या भेगेतून वर येतात. दर वर्षी फवारूनही दर वर्षी वाळवी लागते अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

तिची वाट शोधणं अवघड नाही. उघड्यावर कोरड्या हवेत ती टिकत नाही, शिवाय मुंग्या तिला खातात, म्हणून भिंतीवरून ती मातीच्या नळ्या बांधत चढते. नळीचा बोटभर भाग मोडून ठेवा. काही दिवसांत डागडुजी झाली तर वसाहत जिवंत आहे. चौकट सुरीच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर वर फक्त रंगाचा पापुद्रा उरला आहे. जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असे. दगडामुळे वाळवी अडत नाही, पण तिला नळी उघड्यावर बांधावी लागते आणि रोज झाडणाऱ्याच्या नजरेला ती पडते. आता आपण चौकटीचे पाय फरशीखाली गाडतो आणि तिला आतून, न दिसता वर यायला वाट करून देतो. मला ही आपल्या बांधकामातली सर्वांत महाग पडणारी सवय वाटते.

उपाय जमिनीवर करायचा. आधी गळका नळ, मोरीची ओल, भिंतीला टेकवलेला सरपण-पुठ्ठ्यांचा ढीग दूर करा. मग भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटर व्यासाची भोकं, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, आणि दर भोकात १ लिटरपर्यंत द्रावण, अशी पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण होतं. इमिडाक्लोप्रिडचा वाळवीला सुगावा लागत नाही, त्यामुळे ती त्यातून जात राहते आणि इतरांपर्यंत ते पोचवते. पेस्ट कंट्रोलवाल्याला औषधाचं नाव, प्रमाण आणि एकूण लिटर विचारा; डब्यावरचं लेबल पाहायला मागा. विहीर किंवा बोअरवेल जवळ असेल तर तिच्या बाजूला हे काम करू देऊ नका, आणि भर पावसात तर मुळीच नको. क्लोरपायरीफॉस माशांना फार घातक आहे आणि इथलं पाणी शेवटी उल्हास नदीला मिळतं. एप्रिल-मे किंवा दिवाळीनंतर माती कोरडी असते, तेव्हा करा. दूरच्या बांधावरचं वारूळ मात्र राहू द्या. रानातल्या पालापाचोळ्याची माती वाळवीच करते.

आता ज्यांच्याकडे मातीचा कणही नाही, पण पलंगाखाली पिठूळ भुकटी पडते, त्यांच्याबद्दल. ही वाळवी नव्हे, भुंगेरा. त्याच्या अळीला लाकडातला स्टार्च हवा असतो, म्हणून तो सागाच्या लालसर गाभ्याला सहसा शिवत नाही. कडेचं पांढरं लाकूड, रबरवूड आणि बांबू पोखरतो. दिसणारं बारीक गोल भोक हे त्याच्या बाहेर पडण्याचं. तेव्हा भोक दिसलं म्हणजे कीड अजून आहेच असं नाही. भुकटी पुसा, खाली काळा कागद ठेवा आणि काही आठवडे वाट पाहा. नवी भुकटी पडली तरच औषध. रंग नसलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी, तेही मुलांपासून लांब ठेवून. वाळल्यावर सगळ्या बाजूंनी पॉलिश, मागची आणि खालची बाजूसुद्धा. मादीला अंडी घालायला उघडी छिद्रं लागतात, पॉलिशने ती बुजतात.

ठाकरवाडीतल्या जुन्या घरांत कारवीचा कूड आणि बांबूचे वासे चुलीच्या धुराने काळे होत, आणि त्या काजळीमुळे कीड कमी लागे. गॅस आला, डोळ्यांचा त्रास गेला; पण छपराचं ते संरक्षणही गेलं. म्हणून आज बांबू वापरायचा तर पाऊस संपल्यावर तोडलेला घ्या आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे स्टार्च निघून जातो.

खसखशीएवढे, सहा कडांचे कोरडे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, म्हणून जमिनीत औषध घालून उपयोग नाही; पोखरलेला भाग काढणं किंवा त्या लाकडातच औषध भरणं हाच मार्ग. निळसर काळ्या पंखांचा मोठा भुंगा वाशाला बोट जाईल एवढं भोक पाडतो, पण लाकूड खात नाही, आत पिलांची खोली करतो. त्याला मारू नका. रानातल्या कितीतरी फुलांचं परागीभवन तो करतो. त्याची ये-जा थांबली की भोक बुजवा आणि वाशाला रंग द्या.