कुत्र्याला कोडं 'आवडतं', हे ठरवायचं कसं?

नवतपा लागला की नागपुरात दिवसा कुत्र्याला फिरवणं बंदच होतं. पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि डांबरी रस्ता त्याहूनही तापलेला. मग कुत्रा दिवसभर कूलरसमोर लोळतो आणि संध्याकाळी चपला कुरतडतो. अशा वेळी घरगुती खाद्यकोडी कामी येतात. जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये त्याच्या खाण्याचे दाणे लपवायचे, किंवा इडलीपात्राच्या ताटलीतल्या खळग्यांत दाणे टाकून वर टेनिसचे चेंडू ठेवायचे. कुत्रा हुंगतो, चेंडू सारतो, खातो. आपण म्हणतो, "बघा, किती आवडतंय त्याला!"

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. चेंडू सारून खाल्लं, हे निरीक्षण झालं. 'आवडतं' हा निष्कर्ष आहे. खाणं फक्त कोड्यातच असेल तर कुत्र्याकडे दुसरा पर्याय होता कुठे?

हा पर्याय देण्याची कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन यांनी २०० उंदरांवर प्रयोग केला. पिंजऱ्यात फुकट खाण्याची वाटी असतानाही अनेक उंदीर दांडी दाबून खाणं मिळवत होते. आयतं मिळत असताना कष्ट करून खाण्याच्या या वर्तनाला पुढे 'कॉन्ट्राफ्रीलोडिंग' असं नाव रूढ झालं.

मग कुत्र्यांचं काय? २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधल्या संशोधकांनी ३८ पाळीव कुत्र्यांना त्यांच्याच घरी दोन पर्याय दिले: एक साधा ट्रे, आणि एक हुंगून खाणं शोधायची झालरीची चटई. निष्कर्ष मजेशीर आहे. कुत्र्यांनी चटईला पसंती दिली नाही, पण तिच्यातूनही खायची त्यांची तयारी होती. 'पसंती' आणि 'तयारी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून ते वेगवेगळे मोजावे लागतात.

म्हणजे कोडी निरुपयोगी का? तसं नाही. 'फायदा होतो का' हा तिसरा प्रश्न आहे. २०१९ मध्ये शार्लोट ड्यूरांटॉन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे वास घेऊन शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी चालण्याचा. त्याआधी आणि नंतर, खाणं असेल की नसेल याची खात्री नसलेल्या जागी एक वाडगा ठेवला. सरावानंतर हुंगणारा गट त्याच्याकडे आधीपेक्षा लवकर गेला, दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. संशोधकांनी याचा अर्थ 'कुत्रे अधिक आशावादी झाले' असा लावला. दुसरा गट नसता, तर हा परिणाम हुंगण्याचा की नुसत्या सरावाचा, हे सांगताच आलं नसतं.

आता घरीच करून बघा. इडलीपात्राच्या ताटलीत आणि साध्या ताटलीत मोजून सारखेच दाणे घ्या. वेळ रोज तीच ठेवा, म्हणजे भूक साधारण सारखी राहील. डावी-उजवी बाजू आलटून-पालटून ठेवा, नाहीतर तुम्ही कुत्र्याची बाजूची सवय मोजाल. तो आधी कुठे गेला आणि प्रत्येक ताटलीत किती दाणे उरले, हे दहा दिवस लिहा. 'आवडलं' हा शब्द वहीत नको.

काही पथ्यं: हे दाणे रोजच्या खाण्यातूनच वजा करा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट चुकूनही नको. चेंडू तोंडात अडकण्याइतका लहान नको, आणि खेळ चालू असेपर्यंत जवळ बसा. कुत्रा भुंकू लागला किंवा सोडून गेला, तर कोडं सोपं करा. आणि हो, त्याचीही नोंद करा.

दहा दिवसांनी वहीतले आकडे फक्त तुमच्या कुत्र्याबद्दल बोलतील, सगळ्या कुत्र्यांबद्दल नाही. पण 'माझा प्रश्न नेमका कोणता, आणि मी मोजतोय काय?' हे तपासायची सवय लागेल. पीएचडीच्या मुलाखतीत समितीही बहुतेक हेच विचारते.