कुटुंबाची प्राणिसंग्रहालय-भेट

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यास नातलगांकडे जाणारी पुष्कळ मुले कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पाहून येतात. हे संग्रहालय १९९९ साली खुले झाले. काय पाहिले असे विचारता वाघ, हत्ती, अस्वल अशी नुसती नावे ऐकू येतात. कारण काय पाहावे, हे कोणी आधी सांगितलेलेच नसते. यास्तव सुटीपूर्वी शिक्षकांनी पालकसभेत दोन शब्द अवश्य सांगावेत.

सर्वच पाहण्याचा हट्ट नसावा. लहान मुलाचे पाय दमले, म्हणजे त्यास ना वाघाचे कौतुक उरते, ना हत्तीचे. त्यापेक्षा चितळ व काळवीट यांच्यापाशी निवांत थांबावे. चितळ नराच्या शिंगांना फाटे असतात. ती गळून पडतात व पुन्हा नवी फुटतात. वाढती शिंगे मखमली कातडीने झाकलेली असतात. काळविटाची पिळदार शिंगे मात्र गाईबैलांच्या शिंगांप्रमाणे जन्मभर टिकतात. रवंथ दोघेही करतात. गोठ्यात वाढलेल्या मुलास हे सारे चटकन उमगते. वडिलांनी 'आपल्या बैलाची शिंगे कधी गळली का रे?' एवढे विचारले तरी पुरे.

प्राण्यांना खाऊ टाकू देऊ नये, हे मात्र पालकांना निक्षून सांगावे. खाऊबरोबर प्लास्टिकची पिशवी पोटात गेल्यास जनावर दगावते. उकिरड्यावरील पिशव्या खाणारी गाय मुलांनी पाहिलेली असते. तिचाच दाखला द्यावा.

बुधवारी संग्रहालय बंद असते. शाळा उघडल्यावर जाऊन आलेल्या मुलाकडून दोन्ही प्रकारची शिंगे फळ्यावर काढून घ्यावीत.