मेले की गप्प बसले?

पहाटे ५.३०
म्हसावदच्या शिवारात ठिबक चालू आहे. काल आडवं झालेलं केळीचं झाड काका पायानं लोटतात. बुंधा कंदापासून सुटून आलाय, आत तपकिरी लगदा आणि नाक धरायला लावणारा वास. पुस्तकांनी या जिवाणूचं नाव बदलून पेक्टोबॅक्टेरियम केलं, बागेत तो इर्विनियाच राहिला. मी कंदाचा तुकडा पिशवीत घेतो. प्रयोगशाळेतल्या माझ्या जिवाणूंबद्दल काकांचा रोजचा प्रश्न येतो, "मरनात का रे त्या?"

७.१०
शहाद्याची एसटी, उभ्यानं. काकांना समजावताना मी नेहमी ग्रामसभेचा दाखला देतो. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असतील तेवढे जमले की गणपूर्ती. जिवाणूंचंही तसंच. प्रत्येक जण एक बारीक रेणू बाहेर सोडत असतो. गर्दी वाढली की रेणू साठतात, आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळे एकदम कामाला लागतात. इर्विनिया पेशीभित्ती विरघळवणारी विकरं तेव्हाच सोडतो. चार-दोघांनी आधीच घाई केली तर झाड सावध होईल ना! समुद्री जिवाणूंच्या प्रकाशात हा प्रकार १९७० साली उलगडला. फरक एकच. आपल्याकडे तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. जिवाणू एवढे सवलतखोर नाहीत.

९.१५
प्रयोगशाळा. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर. तोवर कायटोसान विरघळवायला ठेवतो. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारी ही पावडर साध्या पाण्यात ढिम्म हलत नाही, एक टक्का ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल, लागतं. त्यात सिल्व्हर नायट्रेट घालून तापवलं की पाणी हळूहळू हळदीसारखं पिवळं होतं. जिवाणूंचा हा संवाद तोडायला हवे असलेले चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात आणि कायटोसान त्यांच्यावर अस्तरासारखा बसतो. अस्तर नसेल तर क्षार असलेल्या माध्यमात कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली कडू करांद्याच्या कंदाचा अर्क वापरून असे चांदीचे कण केले होते. माझं मन मात्र अजून कोळंबीवरच.

११.००
कालच्या प्लेटा. यात इर्विनिया नाही, सीव्ही०२६ नावाचा क्रोमोबॅक्टेरियम आहे. हा गडी मुका आहे, बहिरा नाही. स्वतःचा निरोपाचा रेणू त्याला करता येत नाही, पण आपण बाहेरून घातला की ऐकतो आणि जांभळा होतो. म्हणजे निरोप पोचला की नाही, हे डोळ्यांना दिसतं.

आगरात पाडलेल्या, कण भरलेल्या विहिरीभोवती आधी स्वच्छ पारदर्शक कडं. तिथं ते मेले. त्याच्या बाहेर दुधाळ, फिकट कडं. तिथं जिवाणू वाढलेत, पण जांभळे नाहीत. सगळी मजा या दुधाळ पट्ट्यात आहे. चांदी जास्त झाली की ती मारते, आणि मेलेल्याच्या गप्प बसण्याला काय अर्थ? मला जिवंत असून गप्प बसलेले हवेत.

जेवणाचा डबा दोनला उघडतो. मेथीची भाजी, थंड.

३.३०
दुसरी प्लेट पाहतो आणि हात थांबतो. नुसता कायटोसान, चांदी अजिबात नाही, तरी विहिरीभोवती फिकट कडं. मग श्रेय कणाचं की अस्तराचं? कायटोसानवर धन भार, जिवाणूंच्या पृष्ठभागावर ऋण; तो त्यांना गोळा करून एकत्र चिकटवतो. हे नेहमी उपकारकच ठरतं असं नाही. जिवाणूंना असं एकत्र बांधणाऱ्या बहुवारिकांनी त्यांचा संवाद उलट वाढतो, प्रकाश जास्त पडतो, असं २०१३ साली नेचर केमिस्ट्रीत छापून आलं. गप्प बसवायला गेलो आणि सभा भरवून दिली, असला प्रकार.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात येते. नुसत्या आम्लाची प्लेट मी लावलीच नव्हती. ते फिकट कडं आम्लाचंही असू शकतं. महिनाभराच्या वहीत ही एक ओळ नाही. चूक शंभर टक्के माझी.

४.००
पुन्हा आगर ओततो. पाच प्लेटा: अस्तर घातलेले कण, उघडे कण, कायटोसान, आम्ल, पाणी. कडेच्या दुधाळ पट्ट्यातला नमुना मोजायचाही ठरवतो, कारण 'दाट दिसतंय' म्हणजे जिवंत किती ते कळत नाही. इनक्युबेटर ३० अंशांवर. आज फक्त लाइट जाऊ नये.

८.४५
घर. थ्री फेज रात्री येणार म्हणून काका टॉर्च चाचपताहेत.

"मरनात का रे त्या?"

"काही मरनात. काही उगाच गुपचूप बठनात, अशी शंका शे."

"शंका?"

मी व्हिनेगरचं सांगतो. काका ऐकून घेतात, हसत नाहीत. पडलेल्या झाडाचा कंद त्यांनी दुपारीच खणून बांधाबाहेर जाळलाय. कोयता ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवलाय, तो झटकून घेतात आणि टॉर्च पेटवून बागेकडे निघतात.