दाराबाहेर थांबलेलं कॅल्शियम

अंगठा जरा हलवून बघा. हलला ना? तेवढ्यासाठी तुमच्या हातात केवढी धावपळ झाली, माहीत आहे?

मेंदूचा हुकूम विजेच्या रूपात मज्जातंतूतून धावत येतो. पण मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतोच! मध्ये फट असते, मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. ही वीज ती फट ओलांडू शकत नाही. पलीकडे निरोप नेतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. तंतूच्या टोकाशी ते इवल्या इवल्या पिशव्यांत भरलेलं असतं, एकेका पिशवीत हजारो रेणू!

पिशव्या उघडतं कोण? कॅल्शियम. हो, दुधातलं, नाचणीतलं, तेच! तंतूच्या आत ते अगदी कमी आणि बाहेर सुमारे 10,000 पट जास्त. देवळाचं दार उघडायची वाट बघत भाविकांची दाटी व्हावी, तसं ते बाहेर खोळंबलेलं असतं. वीज टोकाशी पोचली की तंतूची सूक्ष्म दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला जाऊन बिलगतं. लगेच पिशव्या फटीत रिकाम्या होतात. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत!

इतकी झटपट घडणारी गोष्ट पकडायची कशी? लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी ती पकडली, बेडकाच्या स्नायूवर. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यांनी स्नायूभोवतीच्या द्रावणात कॅल्शियम ठेवलंच नाही. मग केसाहून बारीक काचेच्या नळीतून, थेट तंतूच्या टोकापाशी, त्याचा किंचितसा शिडकावा केला. विजेचा झटका देण्याच्या जरासं आधी शिडकावा केला, की रसायन सुटायचं. झटक्यानंतर केला, तर काहीच नाही! म्हणजे कॅल्शियम नुसतं असून भागत नाही, ते ऐन वेळी दाराशी हजर हवं. हे त्यांनी 1967 मध्ये जाहीर केलं. मज्जातंतूंच्या निरोपांवरच्या संशोधनासाठी कॅट्झ यांना 1970 चं नोबेल पारितोषिकही मिळालं.

त्याच वर्षी, 1967 मध्येच, दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांना आणखी एक नवल दिसलं. बेडकाच्या स्नायूभोवतीचं आधीच कमी असलेलं कॅल्शियम निम्मं केलं, तर सुटणारं रसायन निम्मं होत नाही, जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येतं! कारण एकटंदुकटं कॅल्शियम पिशवी उघडू शकत नाही. त्याचे चारेक कण एकदम जमावे लागतात.