दळणाचा डबा आणि बाकीचा किराणा

गिऱ्हाइकानं घरून भांडं आणायचं, हे गृहीत धरणारं एक दुकान आपल्याकडच्या शहरांत अजून टिकून आहे, ते म्हणजे पिठाची गिरणी. डब्यावर आडनाव, आत गहू, संध्याकाळी पीठ घरी. चकलीची भाजणी आणि लाडवाचं बेसनही दिवाळीच्या दिवसांत तिथूनच येतं. त्याच घरातली मसूरडाळ मात्र चकचकीत पाकिटातून येते, आणि ते पाकीट महिन्याअखेर कचऱ्यात.

पिशव्यांचा बंदोबस्त सरकारनं बऱ्यापैकी केला. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईचे नाले पिशव्यांनी तुंबलेले दिसले आणि पातळ पिशव्यांवर बंदी आली. मार्च २०१८ मध्ये राज्यानं प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं-वाट्या बंद केल्या. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. कापडासारख्या दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्याही त्या बंदीत आल्या, तरी लग्नाच्या आहेरात त्या सुखानं फिरतात. पण कारखान्यातच भरून आलेलं पाकीट या बंदीतून सुटलं. म्हणजे उरलेला प्रश्न दुकानाच्या फळीवर आहे, आणि तिथे निवड आपली असते.

सगळी पाकिटं सारखी नसतात. दुधाची पिशवी पॉलिथिनची, एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, कारण तो एवढासा तुकडा कुणी वेचत नाही. वेफर्सच्या पुड्याचं तसं नाही. त्यात प्लास्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही, म्हणून तो कुणी उचलत नाही. पुण्यात १९९३ साली संघटित झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायका दिवसभर कचरा वेचतात, पण पोत्यात काय जायचं ते शेवटी बाजारभावच ठरवतो. शाम्पूच्या पुड्या याच बिनभावाच्या जातीतल्या. बाटली किंवा वडी घेतली की हा माल घरात येतच नाही.

किराण्यात सोपी सुरुवात धान्य-कडधान्यांपासून. भुसार दुकानात तांदूळ, डाळी, पोहे, रवा, साखर, गूळ अजून सुटे मिळतात. पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींच्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटांवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या धान्य-डाळींवर तो नाही. माल मात्र हातात घेऊन, वास घेऊन पाहावा. डबा नेलात तर रिकाम्याचं वजन आधी करून घ्या, आणि ते झाकणाच्या आत रंगानं लिहून ठेवलंत तर दर खेपेची हुज्जत वाचते. वाण्याला हे थोडं जड जातं. संध्याकाळच्या गर्दीत सहा डबे मांडणाऱ्याकडे तो ज्या नजरेनं बघतो ती रास्तच आहे, सकाळी जावं.

तेलाच्या बाबतीत मात्र सुट्याचा हट्ट नको. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली आणि अनेकांचा जीव गेला. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्य आहे. इथे उपाय आकारमानाचा. खोक्याच्या तिन्ही बाजू दुप्पट केल्या की माल आठपट मावतो आणि वेष्टन फक्त चौपट लागतं. म्हणून एकेक लिटरच्या पिशव्यांऐवजी पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा, आणि एका घरात तो संपत नसेल तर शेजारच्यांबरोबर वाटून. रिकाम्या डब्याला भंगारात भावही येतो.

वर्तमानपत्राच्या पुडीच्या आठवणीनं हळहळणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. छपाईच्या शाईतली द्रव्यं खाण्यात उतरतात म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच अशा कागदात खाद्यपदार्थ बांधू नका असं बजावलं. गरम भज्यांना तर ते आणखी लागू. भज्यांसाठीही घरून डबाच न्यावा.

आता दिवाळीच्या भेटींचं. काजू-बदामाचं ते मोठं खोकं उघडा: बाहेर पिशवी, मग चमकता कागद, मग पुठ्ठा, आत प्लास्टिकचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात तळ झाकण्याइतकाच मेवा. पैसे बहुतांशी खोक्याचेच. तेवढ्याच पैशांत सुटे काजू घेऊन स्टीलच्या डब्यात दिले तर मेवा जास्त जातो आणि डबा त्या घरात वापरात राहतो. फक्त देताना स्पष्ट सांगावं, डबा परत करायचा नाही. नाहीतर आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, आणि त्यात चार करंज्या येऊन पडतात.